लांबकान्याचं नाव

या, असे जवळ सरका. समुद्रावरची एक गोष्ट सांगायची आहे, मन लावून ऐका.

फ्रान्समधल्या काँकार्नोच्या धक्क्यावरून शर्यतीच्या बोटी सुटायला अर्धा तास होता, पण शर्यतीत उतरलेल्या त्रेफिनची जीभ आधीच सुटली होती.

"काय सोआझिगताई, यंदा तरी पहिली येणार, की पुन्हा आपली सशासारखी धापा टाकत मागून?"

धक्क्यावरच्या माना गर्रकन वळल्या. बोटीपाशी त्या प्राण्याचं नाव कुणी घेत नाही, घेतलं तर बोट बुडते म्हणतात. लांबकान्या म्हणायचं. त्रेफिनच्या आईनं, मारिव्होननं, घाईघाईनं छातीवर क्रूस काढला.

"कार्टे, लांबकान्या म्हण! निघताना काय अभद्र बोलतेस?"

"अगं आई, नाव घेतलं. बोटीत थोडाच घेतलाय त्याला!"

सोआझिग हसली. एकावन्न वर्षांची बाई. एकटीनं बोट हाकायच्या या शर्यतीत अकरा वेळा दुसरी आलेली, आणि ही तिची शेवटची शर्यत. "राहू द्या काकी, पोर आहे. मी मागे आहेच. काही झालं तर उचलेन तिला."

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला आयर्लंडच्या खाली त्रेफिनची बोट तरंगत्या ओंडक्यावर आदळून बुडाली. ती रबरी तराफ्यावर चढली, पण चिंब भिजून. धुक्यात हेलिकॉप्टर उडेना. सर्वांत जवळ सोआझिग होती.

"वळा," पंच रेडिओवर म्हणाले. "शोधात जाईल तेवढा वेळ नियमाप्रमाणे परत मिळेल."

"वेळेचं काय घेऊन बसलात?" म्हणत तिनं बोट वळवली.

त्या दिवशी वारा नावालाच होता. पुढच्या बोटी निपचित पडल्या होत्या. पश्चिमेचा वारा दुपारनंतर येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मारिव्होन खलाशांची संत सांत आन हिच्या देवळात गुडघे टेकून स्तोत्रं गात राहिली. घसा बसला तरी थांबेना. दर तासाला निरोप यायचा, "सोआझिग शोधतेय. अजून काही दिसलं नाही."

चार वाजता पश्चिमेचा वारा उठला, धुकं फाटलं आणि सोआझिगला तराफा सापडला. त्रेफिन थंडीनं गेली होती. "अंग अजून पुरतं गारही पडलं नव्हतं," बचाव नौकेचे लोक म्हणाले. ते तिला घेऊन गेले आणि सोआझिग भरल्या शिडांनी घराकडे निघाली.

नऊ तास परत मिळाले, तिच्या एकूण वेळेतून वजा झाले. ती पहिली आली.

बक्षीस तिनं मारिव्होनच्याच हातून घेतलं.

"पोरीनं तो शब्द उच्चारला, तिथंच घात झाला," मारिव्होन म्हणाली. "तू मात्र शब्द पाळलास गं, बाई."

"मला उशीर झाला, काकी." सोआझिग तिच्या गळ्यात पडून रडली. सारा धक्का रडला. त्या दिवसापासून मारिव्होन देवळात दोन मेणबत्त्या लावू लागली. एक लेकीसाठी, एक सोआझिगसाठी.

आठवड्यानं इस्पितळातून त्रेफिनचे कपडे आले. मारिव्होन ते खाऱ्या डागांसकट छातीशी धरून बसली. खिशात काहीतरी टोचलं. पाण्यात न भिजणारी छोटी वही होती ती. शेवटच्या पानावर पेन्सिलीची थरथरती अक्षरं होती.

"सकाळचे साडेआठ. सोआझिगताई आली! अगदी हाकेच्या अंतरावर. मी हात हलवला, तिनंही हलवला. आता माझ्याकडे वळेल."

मंडळी, मेणबत्ती लावाल तेव्हा त्रेफिनची आठवण ठेवा.