गोलच्या मागचा माणूस

पलीकडच्या गल्लीच्या फुटबॉल क्लबचा कट्टर पाठीराखा म्हणजे न्हावी. एकोणीस वर्षं दर सामन्याला तो अलीकडच्या गल्लीच्या गोलकीपरच्या जाळीमागे उभा राहायचा आणि शिव्यांची लाखोली वाहायचा. "हात आहेत की वल्ही? गुडघे घरी ठेवून आलास का रे?" हाफटाइमला बाजू बदलल्या की हाही मैदानाला वळसा घालून हजर. कीपरनं कधी मान वळवून पाहिलं नाही.

यंदा कीपरचे गुडघे खरंच कामातून गेले होते. पट्ट्या आवळताना बायको म्हणाली, "अहो, पुरे करा आता. त्या तोंडाळाच्या शिव्या खायलाच जाता ना?"

पण या सामन्यात मागून चकार शब्द येईना. न्हाव्याच्या घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज कायमचा गेलाय, असं संघातल्या कुणीतरी सांगितलं. कीपरला ती शांतता खायला उठली. ऐंशी मिनिटं त्यानं कशीबशी काढली. शेवटी न राहवून एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तो मागे वळला.

न्हावी तिथंच होता, जाळीला नाक लावून. कीपर वळलेला पाहताच त्याचे डोळे विस्फारले. हातातल्या पाटीवर त्यानं घाईघाईनं खडूनं काहीतरी खरडलं आणि पाटी उंच धरली. चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून कीपर दोन पावलं जवळ गेला. एकेक अक्षर लावत शेवटच्या शब्दापर्यंत पोचला, तेव्हा बॉल दोघांच्या मधल्या जाळीत येऊन पडला होता.


पाटीवर लिहिलं होतं, "गाढवा, पुढे बघ, बॉल आला!"