दाढेतलं पाणी

वेशीवर बसवलेल्या नव्या यंत्राला दाढ दाखवली, की माणूस जन्मला तेव्हा कुठल्या गावचं पाणी त्याच्या अंगात होतं ते कळायचं. इथलं नसेल तर फाटक उघडत नसे. बाहेरचे लोंढे थोपवायला हा नियम सरपंच विलासनंच आणला होता. सूट फक्त लग्न होऊन आलेल्या सुनांना.

वेशीबाहेर बस उभी होती. विलासची बायको रेवती पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली होती आणि तो फाटकाबाहेर येऊन तिला आडवा आला होता. "बाळंतपण इथंच होईल. नाहीतर माझंच पोर परकं ठरायचं."

रेवतीचे डोळे भरले. विलासची आई द्वारकाक्का मात्र यंत्राभोवती फिरून ते निरखत होत्या. "हा डबा खरं बोलतो का बघू तरी. तुझी दाढ दाखव."

"माझं काय बघायचं, आई?"

"दाखव म्हणते ना."

त्यानं जबडा टेकवला. लाल दिवा लागला, मागचं फाटक बंदच राहिलं. "पाणी हिवरवाडीचं," यंत्र बोललं.

अक्कांना मोठं नवल वाटलं. "खरंच की! तू थोरला, तुझ्या वेळी मी माहेरीच होते. आमच्या विहिरीचं पाणी अजून आहे म्हणायचं तुझ्या दाढेत."

विलास फाटक ढकलत राहिला. "उद्याच सभेत नियम बदलतो."

"सभा आत भरते, बाबा. गावातले सगळे थोरले बाहेर आणि धाकटे आत बसून ठरवणार." अक्कांनी सुनेची पिशवी त्याच्या हातात दिली. "तोवर हिला पोचवून ये. आणि सासरी जरा नमून वाग. सध्या तेवढंच दार उघडं आहे तुला."