गुडघ्याची कातडी

अंडाशयांचं काम कायमचं थांबलंय हे कळल्यापासून तेवीस वर्षांची कबड्डीपटू शाल्मली दोन दिवस धड जेवली नव्हती. आज साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर गोडांबे विचारत होत्या, "कातडी कुठली घेऊ? तिच्या पेशींपासूनच आता प्रयोगशाळेत स्त्रीबीज तयार होईल, तुला हवं तेव्हा. अगदी चाळिशीतसुद्धा."

आई घाईघाईनं म्हणाली, "दंडाची घ्या, तिथं गोरी आहे."

शाल्मलीला खुदकन हसू फुटलं. "आई, बाळाचा रंग त्यावर ठरतो होय? गुडघ्याची घ्या, मॅडम. कितीदा सोलली, तरी पुन्हा येते."

आईही डोळे पुसत हसली.

मसुराएवढा तुकडा काढून डॉक्टरांनी पट्टी बांधली.

"रविवारी फायनल आहे. खेळू ना?"

"खेळ, पण पडू नकोस."

"मी कुठली पडतेय? समोरच्यांना पाडणार!"