एका पानाचा बायोडाटा

“अन् माजी उपसरपंच कुठं गेलं?” जगदेवकाकांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

“काका, नोकरी लखनले पाह्यजे. तुमाले नाही.”

“पण घर कसं हाय, हे तं समजलं पाह्यजे ना साहेबाले!”

वाशीमच्या बस स्टँडसमोरच्या आपल्या झेरॉक्स सेंटरमध्ये प्रसेनजित दुपारी दोनपासून हा एकच बायोडाटा करत होता. रिठदहून आलेले जगदेवकाका त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी. पोरगा लखन ड्युटीवर, तिथं मोबाईल लावू देत नाहीत, म्हणून बाप आला होता.

पहिल्या मसुद्यात आठ एकर शेती होती. दुसऱ्यात मामाचं गाव. तिसऱ्यात रंग, उंची आणि ‘स्वभाव शांत’. प्रसेनजितनं एकेक ओळ उडवली.

“एक पान, काका. साहेब लोक अर्धा मिनिट पाह्यतात. शिक्षण, काम, काय काय येते, बस.”

“बरं, टाक तुले समजते तसं.”

“मंग आता सांगा, सध्या लखन कुठं कामाले हाय?”

काकांनी दाराकडे पाहून घेतलं. “ते नको लिहू.”

“कायले?”

“तिथल्या साहेबाले समजलं तं? हे बी गेलं अन् ते बी गेलं. नाव नको, गाव नको.”

“अनुभव लिहिल्याबिगर कसला बायोडाटा होते? तेच तं पाह्यतात!”

“तू हुशार हाय. घे जमवून.”

प्रसेनजितनं डोळे मिटून घेतले, उघडले आणि टाइप केलं : ‘सध्या एका नामांकित संस्थेत कार्यरत.’ काकांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली आणि पसंत केली.

मोबाईल वाजला. बायको, नीलिमा.

“कॉलेजात फोन केला का?”

“केला. कोणी सोडलं नाही.”

“आज नऊ तारीख हाय.”

“मले बी कॅलेंडर वाचता येते.” त्यानं फोन ठेवला.

प्रसेनजित एम. कॉम. होता. गेल्या वर्षी वाशीममधल्याच एका कॉलेजात लिपिकाची एक जागा निघाली, तिची परीक्षा त्यानं दिली होती. बोर्डावर यादी लागली तेव्हा तिच्यावर नावं नव्हती, नुसते बैठक क्रमांक होते. निवड : ४०७. प्रतीक्षा यादीत पहिला : ३८९. ३८९ म्हणजे प्रसेनजित. ४०७ नं नोकरी सोडली तर जागा त्याची, पण यादीची मुदत याच महिन्याच्या एकतीस तारखेला संपत होती. रस्त्यानं एखादा चारशे सात टेम्पो गेला की नीलिमा म्हणे, “पाहा, तुमची सवत चालली.”

“फोटो राह्यला ना बापू,” काका म्हणाले.

“द्या.”

काकांनी पिशवीतून चार पदरी घडीचा एक कागद काढला. वरच्या पदरावर चिकटवलेला लखनचा फोटो होता. “एवढाच घे. घडी नको उघडू.”

“मले तुमचे कागद वाचाची हौस नाही, काका.” त्यानं घडी तशीच स्कॅनरच्या काचेवर पालथी घातली.

फोटो बसला. मग काकांना तो उजवीकडे हवा झाला. मग मोठा. मग पुन्हा डावीकडे. दुकानात दाखल्यांसाठी उभे असलेले दोघं कंटाळून शेजारच्या दुकानात गेले. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती.

“पाचच्या आत मेल पाह्यजे बरं,” काका म्हणाले. “नागपूरची बियाण्याची कंपनी हाय. पोरगं पसंत हाय त्यायले, पंधराले हजर व्हा म्हणते. कागद तेवढा मागतला. पाचनंतर दुसऱ्याले घेतो म्हणे. सूनबाई तिकडंच नर्स हाय. दीड वर्ष झालं, लेकरू एकीकडं, बाप एकीकडं.”

“पाठवतो.”

काका उठले. दुकानभर नजर फिरवली. “तू किती शिकला रे?”

“एम. कॉम.”

“एम. कॉम. करून झेरॉक्स काढून राह्यला? माया लखननं पाह्य, एक हाय तरी दुसरी मिळवली. हिकमत लागते बापू.”

प्रसेनजितनं माउस हातात घेतला. स्क्रीनवर मेल तयार होता. पत्ता बरोबर, बायोडाटा जोडलेला. बाण ‘पाठवा’वर होता.

त्यानं मेलची खिडकी तशीच छोटी केली.

“गेला,” तो म्हणाला.

“गेला? एवढ्यात?”

“गेला, काका. तुमची गाडी सुटन.”

काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, पिशवी उचलली आणि घाईघाईनं स्टँडकडे निघाले. दारातून वळून म्हणाले, “लखनचं झालं की पेढे घेऊन येतो. तुयंच नाव सांगन.”

पाच वाजले. प्रसेनजितनं झेरॉक्स मशीनवर एका गिऱ्हाइकाच्या जातीच्या दाखल्याच्या दोन प्रती काढल्या, त्यातली एक वाकडी आली. सव्वापाचला त्याला बापापासून दूर असलेलं ते लेकरू आठवलं. आपण काय केलं हे, असं पुटपुटत त्यानं खिडकी उघडली आणि मेल पाठवून दिला.

चार मिनिटांत उत्तर आलं. ‘धन्यवाद. पाच वाजता दुसऱ्या उमेदवाराला होकार कळवला आहे.’

त्यानं ते दोनदा वाचलं. मग संगणक बंद केला.

शटर ओढण्याआधी सवयीनं स्कॅनरचं झाकण उचललं. काकांचा घडीचा कागद काचेवरच राहिला होता. परत तर करावा लागणार, पत्ता असेल आत, म्हणून त्यानं घडी उघडली.

ते जुनं हॉल तिकीट होतं. वर त्याच कॉलेजचं नाव. त्याखाली, पद : लिपिक. आणि लखनच्या फोटोशेजारच्या पदरावर, चौकटीत, ठळक आकड्यांत, बैठक क्रमांक : ४०७.