बारा हिरवे दिवे

"हे छप्पर पडणार," नेस्तोर तोए म्हणाला, आणि सगळे हसले.

हसणं भागच होतं. गवंडी नेस्तोर सामो जमातीचा, आणि इमारतीची आर्किटेक्ट रासमाता तापसोबा मोसी जमातीची. सामो आणि मोसी भेटले की एकमेकांना घालूनपाडून बोलणार, आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही, हा पणजोबांच्याही आधीपासूनचा रिवाज. गेले सहा महिने तो तिला आपल्या आजोबांची गुलाम म्हणत होता आणि ती त्याला गाढवाची मुंडी खाणारा. काम झकास चाललं होतं.

"पडलं तर तुझ्याच डोक्यावर पडो," रासमाता म्हणाली. "आत काही नाहीच, इजा व्हायची भीती नाही."

छप्पर म्हणजे प्रसूतिगृहाची मोठी कमान, पालथ्या घातलेल्या भोपळ्याच्या फोडीसारखी. कच्च्या मातीच्या विटा, सिमेंटचा कण नाही, पंख्याशिवाय गारवा. रेघ रासमाताची, हिशेब कॉम्प्युटरचा, माती गावची. शुक्रवारी मंत्री येणार होते. त्याआधी खालचं सेंट्रिंग, म्हणजे कमान तोलून धरणारे टेकू, निघायला हवं होतं, आणि तीन माणसं हातोडे घेऊन कमानीखाली उभी होती.

देणगीदार संस्थेचे अग्बेको दूरच्या लोमे शहरातून आले होते. त्यांना या शिवीगाळीतलं काही कळत नव्हतं. सगळे हसले की तेही हसत. त्यांनी हातातल्या टॅबलेटचा पडदा रासमाताकडे वळवला.

"विटांत बारा सेन्सर, मादाम. बाराही हिरवे. म्हणजे कमान कोरडी. काढा टेकू."

नेस्तोरने आतल्या बाजूची एक वीट नखाने खरवडली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"ओली आहे. सेन्सर सगळे उन्हाच्या बाजूला लावलेत, गुलामे. तुम्ही मोसी लोक भांड्याला बाहेरून हात लावून सांगणार, भात शिजला!"

"उस्ताद आज रंगात आहेत," कमानीखालून एकजण म्हणाला आणि हसत हसतच त्याने हातोडा मारला. पहिल्या टेकूची पाचर निसटली.

वरून बारीक माती झरली. कोणी वर पाहिलं नाही.

नेस्तोरने टोपी काढली. गावच्या नायकासमोर बसतात तसा तो रासमातासमोर उकिडवा बसला, नजर जमिनीकडे.

"मादाम तापसोबा," तो म्हणाला, "आपल्याला विनंती आहे. आपली माणसं आपण बाहेर बोलवावीत."

हशा तिथेच तुटला. कमानीखालच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सहा महिन्यांत या माणसाने तिला एकदाही 'आपण' म्हटलं नव्हतं.

"बाहेर या!" रासमाता ओरडली. "हातोडे टाका तिथेच. धावा!"

तिघे बाहेर आले, नेस्तोर आत गेला. ती त्याला थांबवणार होती; तोवर त्याने पाचर उचलून टेकूखाली सरकवली होती. ठोक्यांचे आवाज आले. एक, दोन, तीन. मग काहीच नाही. बाहेरचे सगळे छपराकडे पाहत होते. मग तो पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे टाकत बाहेर आला.

"टेकू राहू द्या," रासमाता म्हणाली. "तीन आठवडे. मंत्र्यांना मी कळवते."

"पण मादाम, बाराही हिरवे आहेत!" अग्बेको पडद्यावर बोट आपटत होते. "अहवालात कारणाचा रकाना आहे. तिथे काहीतरी भरावं लागेल मला. काय लिहू?"

रासमाताने कमानीकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली, "गवंडी आदराने बोलला."