लताबाईंची कोरांटी

"अहो, एक तरी ठेवा!" इंदिराबाई परसदारातून ओरडल्या. त्यांच्या यजमानांनी, ढुंढिराजशास्त्रींनी, शेवटचं जास्वंद खुडून परडीत टाकलं. "देवाच्या कामात आडकाठी नको," एवढंच म्हणून ते पूजेला निघून गेले.

काय करावं या माणसाचं! आणीबाणीत गंगापूर रोडवर घर बांधलं, त्याला तीन वर्षं झाली. तगर म्हणू नका, झेंडू म्हणू नका, जे उमलेल ते उजाडताच परडीत. कारल्याचा वेल नुसताच माजला होता. बोटभर कारलं धरायचं, पिवळं पडायचं, गळायचं. शाळेत पोरांना परागीभवन शिकवणाऱ्या बाईला घरचं एक कारलं मिळू नये! इंदिराबाईंचा नुसता तिळपापड व्हायचा.

"बागेत फूलच राहत नाही, तर मधमाशीनं यावं तरी कशाला?" त्याच शाळेतल्या लताबाई पगारे म्हणाल्या. त्यांनी आपल्या अंगणातल्या पिवळ्या कोरांटीच्या फांद्या आणून दिल्या. "कुंपणाला खोचा आणि विसरा. पाणी नको, खत नको. दरवर्षी एवढी फुलते की पूजेला होऊन मधमाश्यांनाही उरेल."

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास कुंपणभर कोरांटी फुलली. पहिल्याच सकाळी काट्यांना न जुमानता शास्त्रीबुवा परडी घेऊन हजर! इंदिराबाईंचं डोकं सणकलं.

"ती लताबाईंकडची आहे," त्या म्हणाल्या.

शास्त्रीबुवांचा हात थांबला. पगारे बौद्ध, हे त्यांना ठाऊक होतं. खुडलेली दोन फुलं त्यांनी खाली टाकली, नळावर हात धुतले आणि पुन्हा त्या कुंपणाकडे फिरकले नाहीत. इंदिराबाईंना हसू आवरेना. इतक्या वर्षांची कटकट एका वाक्यात मिटली होती.

कोरांटीवर मधमाश्यांची झुंबड उडाली. महिन्याभरात वेल कारल्यांनी लगडला. पहिली पिशवी घेऊन इंदिराबाई उत्साहानं लताबाईंच्या घरी गेल्या.

लताबाईंनी पिशवीत पाहिलंसुद्धा नाही. "कारल्यांचं राहू द्या हो. आधी सांगा, फुलं पुरतात ना पूजेला?" त्यांना कोण आनंद झाला होता. "आमची आई म्हणते, शास्त्रीबुवा काय आपल्या दारची फुलं देवाला वाहणार आहेत! मी म्हटलं, आई, इंदिराबाईंचं घर तसलं नाही."