चार महिन्यांची कपात

दारात नवरा उभा होता. हातात कापडी पिशवी, डोक्यावरचे केस अगदी बारीक कापलेले. तिने दंडाला धरून त्याला आत ओढलं आणि कडी लावली.

"कुणी पाहिलं?"

"जिन्यात कुणी नव्हतं."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. गोदामातल्या चोरीबद्दल दोन वर्षांची कैद झाली होती त्याला. चांगल्या वागणुकीमुळे शेवटचे चार महिने माफ झाले होते.

सातवीतल्या मुलीने कागद मोठ्याने वाचला. "शिक्षेत कपात. म्हणजे पाणीकपातीतली कपात?"

"तीच," तो म्हणाला. "फक्त ही झाली की माणसं पेढे वाटतात."

कुणी हसलं नाही. बायको खिडकीचा पडदा ओढत होती.

"मी सगळ्यांना मार्च सांगितलाय," ती म्हणाली. "आता मधूनच कसे उगवलात म्हणून सांगू?"

"मी आहे तरी कुठे सध्या?"

"जहाजावर," मुलगी म्हणाली. "भर समुद्रात."

तेवढ्यात बेल वाजली. कुणी सांगायच्या आत तो आतल्या खोलीत गेला आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला.

शेजारच्या काकू इस्त्री मागायला आल्या होत्या. "काय म्हणतात तुझे जहाजवाले?"

"मजेत आहेत. काल फोन होता ना. हिच्या गणिताचं विचारत होते. म्हणाले, तिला ओरडू नकोस, आलो की मी शिकवीन. सिगारेटही सोडलीय म्हणे." ती कुठेच अडखळत नव्हती. "माझ्या पाठीची तर रोज चौकशी. दुखत असेल तर बादल्या उचलू नकोस म्हणतात."

"नशीब काढलंस बाई."

आत तो कान देऊन ऐकत होता. तिच्या पाठीचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

काकू इस्त्री घेऊन गेल्या. तिने आतलं दार ढकललं. "गेल्या त्या. या बाहेर."

तो जागचा हलला नाही.

"पाठ कधीपासून दुखतेय तुझी?"

"झालं की वर्ष."



"चांगला माणूस दिसतो तुझा जहाजवाला," तो म्हणाला. "येऊ दे त्याला मार्चमध्येच."